पाटी

गेल्या दिवाळीत आमच्या बाजारपेठेतल्या एका दुकानाची जुनी पाटी उतरवली गेली. 'किराणा व भुसार मालाचे दुकान' एवढीच अक्षरे. पिवळ्या जमिनीवर तांबडा रंग, त्याला काळी शेड आणि उजव्या कोपऱ्यात बोटभर सही. ती सही माझ्या वडिलांची. गावात त्यांच्या हातची तेवढी एकच पाटी उरली होती. मी कॉलेजातून परतलो तेव्हा पत्रा भंगाराच्या गाडीवर चढला होता आणि त्याच्या जागी चकचकीत फ्लेक्स लागला होता. रोज तिच्याखालून जात-येत होतो, पण तिचा एक फोटो काढून ठेवावा असे मला कधी सुचले नाही. खिशात मोबाईल असताना!

अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "गंजलाच होता तो पत्रा." आणि डबा घेऊन रात्रपाळीला निघून गेले. फ्लेक्स आल्यापासून ते गोदामावर राखणीला जातात. ब्रश माळ्यावर एका डब्यात आहेत.

आता मला जे सांगायचे आहे ते एका कॉम्प्युटरच्या खेळाविषयी. वाचकहो, हसू नका. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात असल्या विषयावर लिहावे हे आमच्या सरांना कितपत रुचेल, याची मलाही शंकाच आहे. पण दुसरे काही लिहायला बसलो की हेच लिहून होते.

माझ्याकडे आतेभावाने टाकून दिलेला कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर नवे खेळ चालत नाहीत. चालतो तो 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाईस सिटी'. 2002 साली निघालेला, कॉम्प्युटरवर 2003 साली आलेला. मायामीच्या धर्तीवर रचलेले एक काल्पनिक शहर आणि काळ 1986 चा. समुद्रकाठ, नारळीची झाडे, झगमगत्या पाट्या. खेळात गाड्या पळवायच्या नि मारामाऱ्या करायच्या. त्याबद्दल मी काही फारसे अभिमानाने सांगत नाही. पण हळूहळू मला वेगळाच छंद लागला. गाडी कडेला उभी करून मी त्या शहरातल्या पाट्या वाचत बसू लागलो. शेवटी पेंटरचाच मुलगा!

हे शहर ठेवलेले कुठे असते? खेळाच्या फोल्डरमध्ये 'मॉडेल्स' नावाच्या कप्प्यात 'जीटीए३ डॉट आयएमजी' ही एक अवाढव्य फाईल आहे. ते जणू धान्याचे पेव. हजारो फायली एकीला एक चिकटून भरलेल्या. शेजारी त्याच नावाची, पण 'डीआयआर' शेपटीची एक छोटी फाईल, ही पेवाची वही. वहीत प्रत्येक फायलीची नोंद बरोबर 32 बाइटांची : माल कुठून सुरू होतो त्याला 4, किती आहे त्याला 4 आणि नावाला 24. मोजायचे माप 2048 बाइटांचे, म्हणजे सीडीवरच्या एका घराएवढे. शेवटचे माप अर्धेच भरले तरी ते पूर्ण धरायचे. आमच्या भुसार बाजारातले व्यापारी याच्या नेमके उलट करतात, तो भाग वेगळा.

पेव उघडण्यासाठी लोकांनी हौसेने केलेली साधने आहेत. 'आयएमजी टूल'ने पेवातून हवी ती फाईल उचलायची आणि 'टीएक्सडी वर्कशॉप'ने ती उघडायची. इमारतीचा आकार एका फायलीत असतो, तो नुसता उघडाबोडका सांगाडा. तिचे कपडे दुसऱ्या फायलीत, आणि तेही शिंप्याने उसवलेल्या सदऱ्यासारखे सुटे सुटे : भिंत, खिडकी, दरवाजा, पाटी. एकेक तुकडा साध्या चित्रासारखा बाहेर काढता येतो, रंगवता येतो, परत आत ठेवता येतो. मी पहिल्या दिवशी तुकडा रंगवलाच, शिवाय त्याचे नावही मराठी वळणाचे करून टाकले. खेळ सुरू केला तर दुकान पांढरेफटक! सांगाडा आपला कपडा नावाने हाक मारून मागवतो. नाव बदलले की त्याला तो सापडत नाही. मूळ फाईल बाजूला ठेवलेली होती म्हणून निभावले.

दुसऱ्या खेपेला नाव जसेच्या तसे ठेवले. कॉम्प्युटरमधल्या तयार अक्षरांनी 'किराणा व भुसार मालाचे दुकान' लिहिले, फाईल पेवात घातली आणि अण्णांना हाक मारली. ते चहाचा कप घेऊन आले, पडद्यासमोर वाकले. मला वाटले, खूष होतील. ते म्हणाले, "हे कोणी लिहिलं? अक्षरं लोळवलीत सगळी."

आणि खरेच होते ते. मूळ चित्र 128 ठिपके रुंद व 64 उंच, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद. दुकानावरची फळी मात्र चौपट. चित्र ताणून बसवले जाते. हे मी सांगितल्यावर अण्णांनी कप खाली ठेवला. "म्हणजे लिहिताना दाबून लिहायचं. पाण्याच्या गोल टाकीवर लिहायचो तेव्हा करायचो की आम्ही. आणि एवढं सगळं मावणार नाही त्यात. नुसतं 'किराणा' लिही."

"तुम्हीच लिहून द्या ना, अण्णा."

"हात हलतो आता," ते म्हणाले. विषय तिथेच संपला. निदान मला तसे वाटले.

तीन दिवसांनी रविवारी दुपारी माळ्यावरचा डबा खाली आला होता. टर्पेंटाईनचा वास घरभर. लहानपणी हाच वास म्हणजे अण्णा घरी आले, असे आम्हांला वाटे. त्यांनी एक पुठ्ठा पिवळा रंगवून वाळवला होता, दोरीला खडू चोळून रेघा मारल्या होत्या. मनगटाखाली काठी धरून ते लिहू लागले. हात हलत होता, पण ब्रश टेकला की हलायचा थांबे. काने त्यांनी नेहमीपेक्षा जाड केले. "लहान झाल्यावर आधी काना मरतो," म्हणाले.

शेडीपाशी पुन्हा अडलो. चित्र पेवात जाताना मी ज्या पद्धतीने आवळतो, तिचे नाव 'डीएक्सटी१'. तीत 16 ठिपक्यांचा, म्हणजे चार बाय चारचा, एकेक चौकोन करतात आणि त्याच्यासाठी दोनच रंग लिहून ठेवतात. बाकी जे काही लागेल ते त्या दोहोंच्या मिश्रणातून, आणि मिश्रणेही दोनच. पिवळा, तांबडा आणि काळा एकाच चौकोनात आले की एकाचा बळी जातो आणि कडेला गढूळ डाग पडतो. मी हे बराच वेळ समजावीत होतो. अण्णा मध्येच म्हणाले, "मग काळी शेड कशाला? नारिंगी दे. पिवळ्यात तांबडं मिसळलं की तोच येतो ना?"

मी गप्प बसलो. संध्याकाळी पुठ्ठ्याचा फोटो काढला, रुंदीत दाबला, 256 बाय 128 चा केला, आवळला. कडा स्वच्छ.

पेव पुन्हा रचेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्यात मी अण्णांना त्या खेळातल्या छापखान्याची गोष्ट सांगितली. कथानायक टॉमी तो छापखाना विकत घेतो आणि तिथल्या म्हाताऱ्या छपाईवाल्याला सांगतो, की आपला बापही असल्याच यंत्रांवर काम करी, संध्याकाळी आपण त्याच्याबरोबर रूळ पुसायला बसत असू, आणि याच धंद्यात शिरायचे मनात होते.

"मग शिरला का नाही?"

"गुंड झाला."

"तू बी.ए. पुरं कर," अण्णा म्हणाले.

खेळ सुरू झाला. रस्त्याच्या वळणावर गाडी आली, आणि अमेरिकन दुकानाच्या माथ्यावर पिवळ्या जमिनीत 'किराणा'! कोपऱ्यात सहीही होती, म्हणजे तिथे सही आहे हे ज्याला ठाऊक त्याला दिसेल एवढी. गंमत अशी, की तो तुकडा त्या शहरात एकाच दुकानाला नव्हता. शोधत गेलो तर पाच ठिकाणी 'किराणा' निघाले. एका ठिकाणी तर तुकडा उलटा बसवलेला, त्यामुळे अक्षरे आरशातल्यासारखी. अण्णा मोठ्याने हसले. "आयुष्यात एकदाही उलटं लिहिलं नाही मी. बसला शेवटी डाग!"

मग ते गंभीर झाले. "पण लांबून दुसरीच पाटी दिसते. जवळ गेल्यावर आपली येते."

माझ्या ध्यानात आले नव्हते ते त्यांनी टिपले होते. लांबची इमारत ही खरी इमारतच नव्हे. यंत्रावर भार नको म्हणून तिच्या जागी एक ढोबळ इमारत उभी असते आणि तिचे कपडे वेगळ्या फायलीत असतात. ती फाईल सापडायला आठवडा गेला. तीत सगळ्या दर्शनी भागाचे मिळून एक चिमुकले चित्र, आणि त्यात पाटीच्या वाट्याला ठिपक्यांच्या तीन ओळी. तीन ओळींत 'किराणा' कसे लिहायचे?

अण्णा कामावर जायच्या तयारीत होते. चपला घातलेल्या, काखेत डबा. पडद्यापाशी आले नि उभ्याउभ्याच म्हणाले, "वर पिवळी ओळ. मधली सरळ तांबडी, ती शिरोरेघ. खालची नारिंगी, आणि तीत मध्ये मध्ये दोन-चार ठिपके तांबडे सोड."

"कुठे कुठे?"

त्यांनी डबा खाली ठेवला. माऊस आयुष्यात प्रथमच हातात धरला आणि एकेक ठिपका दाखवीत गेले. फाईल पेवात घातली, गाडी वळणावर आणली. "मागे घे," ते म्हणाले. मी घेतली. "अजून मागे. अजून." गाडी पुलाच्या तोंडाशी पोचली, दुकान आगपेटीएवढे झाले. अण्णांनी डोळे बारीक केले आणि जरा वेळाने डबा उचलला.

"दिसतंय," ते म्हणाले. "सही तेवढी राहिली."