मामी आणि पठाणकोटचं क्वार्टर

आमच्या सातारा भागात सासूला मामी म्हणतात. माझ्या मामी गेल्या तेव्हा मी तवांगला होतो. २०१६ चा फेब्रुवारी. सेलाचा बोगदा व्हायला अजून आठ वर्षं होती, त्यामुळे खाली उतरायचं तर बर्फातली खिंड ओलांडूनच. सीओ साहेबांनी सुट्टी तासाभरात दिली, पण रस्ता तिसऱ्या दिवशी उघडला. वाटेत जसवंतगढला जवान येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजतात, तो घेतला. मग तेजपूर, गुवाहाटी, पुणे आणि शेवटी एसटी. घरी पोचलो तोवर सावडणंही होऊन गेलं होतं. फौजी माणसाला यात नवीन काही नाही, म्हणून ते राहू दे. मला मामींचं पठाणकोट सांगायचंय.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि आठवडाभरात ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. आमची युनिट बॉर्डरला निघाली. बायको क्वार्टरमध्ये, आठवा महिना भरत आलेला, कडेवर दोन वर्षांची मुलगी. माझी आई आधीच वारलेली. गावाकडं एसटीडीवरून निरोप गेला आणि मामी धाकट्या मेहुण्याला घेऊन झेलम एक्सप्रेसमध्ये बसल्या. पंढरपूरच्या पुढं कधी न गेलेली बाई. सही म्हणजे अंगठा. लेकीच्या घरी पाणी पिऊन परत फिरावं असं मानणारी पिढी, ती पाच महिने राहिली.

सोबत काय आणलं? डिंक, खारीक, अळीव, कांदा-लसूण चटणीची बरणी आणि तंबाखू. मिश्रीशिवाय मामींचा दिवस उगवायचा नाही. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की ब्लॉकभर ठसका लागायचा. शेजारची पंजाबी वहिनी पहिल्या दिवशी धावत आली, तिला वाटलं आग लागली. पुढं त्याच वहिनीला मामींनी भाकरी थापायला शिकवली. भाषा? मामी सगळ्यांशी मराठीच बोलायच्या, फक्त जरा मोठ्यानं.

जानेवारीत मुलगा झाला. मला पत्रानं कळलं, तेही पंधरा दिवसांनी. तेव्हा आम्ही सुरुंग पेरत होतो. त्या वर्षी लढाई झाली नाही, तरी शेकडो जवान गेले, त्यातले बरेच या सुरुंगांच्या अपघातांत. हे आता फारसं कुणाला आठवत नाही.

समोरच्या क्वार्टरमध्ये एका तमिळ हवालदाराची बायको होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याचा पाय सुरुंगात गेला. तो जगेल की नाही हे आठवडाभर कळत नव्हतं. पोरीनं दार लावून घेतलं. मामींनी कडी वाजवून वाजवून ते उघडायला लावलं, तिला आमच्या घरी आणलं आणि बाळंतिणीशेजारीच तिचं अंथरूण घातलं. बायको सांगते, मामी तिच्यापुढं ताट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आदी जेव, मंग रड कितीबी." तिला एक शब्द कळत नव्हता, पण ती जेवायची. मग रडायची. मामी तिच्या डोक्याला तेल लावत बसायच्या.

तो हवालदार वाचला, पेन्शनवर तिरुवण्णामलैकडं गावी गेला. दिवाळी-पोंगलला फोन चालू राहिले.

माझ्याशी मामी कधी फार बोलल्या नाहीत. फोन केला की ठरलेलं, "पाव्हणं, जेवलासा?" तवांगला थंडी किती, बॉर्डरवर काय चाललंय, सुट्टी कधी, यातलं काही विचारायच्या नाहीत. मला ते बरं वाटायचं. बाकी सगळे तेच विचारायचे.

दहाव्याला घाटावरून आलो. बायकोनं सकाळपासून तोंडात पाणीही घेतलं नव्हतं. कुणाचं ऐकेना. तेवढ्यात तमिळनाडूहून फोन आला. मी मोबाईल तिच्या हातात दिला. पलीकडून आधी नुसतं रडणं, मग मोडकं हिंदी आणि मग, चौदा वर्षांपूर्वी कानांवर पडलेलं, तोडक्या उच्चारांत,

"आदी जेव. मंग रड."

बायको खूप वेळ तशीच बसली. मग मेहुणीला म्हणाली, "वाढ गं."