खारपाण पट्ट्यातून वर

वलगाव मागे पडलं की परतवाड्याचा रस्ता सरळ उत्तरेला धावू लागतो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. आसेगावला पूर्णेचा पूल. मग समोर क्षितिजावर एक निळसर, जवळजवळ सपाट माथ्याची रेघ दिसू लागते. तो गाविलगडचा डोंगर. जुलै-ऑगस्टच्या रविवारी अर्धी अमरावती या रस्त्यावर असते, आणि दर्यापूर-अंजनगावकडून आलेली अकोल्याची मंडळी परतवाड्याला तिच्यात मिसळतात. सगळ्यांचा मुक्काम एकच: चिखलदरा.

आल्प्समधल्या फर्काच्या घाटात ऱ्होनची हिमनदी पाहत गाडी हाकणारे प्रवासी सगळ्यांनी फोनवर पाहिलेले असतात. वऱ्हाडाकडे बर्फ नाही, तरीही धामणगाव गढीच्या पुढे घाट लागला की गाडीतल्या पोरांचा आव तोच. धुकं इतकं दाट येतं, की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसतात. मागच्या सीटवरून आजी विचारते, "काहून बे, धुकं पाहाले आलो का रस्ता पाहाले?" प्रश्न रास्त आहे. मेमध्ये ४५ अंशांची झळ सोसलेल्या माणसाला मात्र धुकंच पुरतं.

हिमनदी इथे नाही, म्हणजे आज नाही. विदर्भात ती होती. चंद्रपूरकडे इरई गावाच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांना चुनखडीचा एक खडक सापडला. तो घासून गुळगुळीत झालेला, त्यावर समांतर ओरखडे, आणि वर गोट्यांचा थर. सरकत्या बर्फाखाली अडकलेल्या दगडांनी ते ओरखडे काढले होते. काळ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, हा भूभाग गोंडवनाचा तुकडा म्हणून दक्षिण ध्रुवाजवळ होता तेव्हाचा. चंद्रपूरच्या उन्हात उभं राहून हे खरं मानायला बरीच श्रद्धा लागते!

गाविलगडच्या डोंगराची घडण वेगळी. हा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर चढलेला. मैदानाच्या जवळजवळ दुप्पट पाऊस त्याच्यावर कोसळतो. काही पाणी भेगांतून मुरतं आणि खालच्या थराशी अडून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. देवी पॉईंटच्या कपारीत देवीच्या डोक्यावर ते थेंब थेंब गळत असतं. चंद्रभागेचा उगम तिथलाच. पण हा पत्थर बर्फासारखा दानशूर नाही. आल्प्सची हिमनदी ऐन उन्हाळ्यात वितळून पाणी देते. सातपुड्याचे बहुतेक ओढे दिवाळीनंतर हात आखडता घेतात. म्हणून इथले तलाव निसर्गाने कोरलेले नाहीत, माणसांनी बांध घालून राखलेले आहेत. बोटिंगसाठी रांग लागते तो शक्कर तलाव पाहताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गाविलगडावर मात्र ते लगेच कळतं. पंधराव्या शतकात बहामनी अहमदशहाने हा किल्ला मजबूत केला, पुढे अचलपूरच्या इमादशाहीने त्याची डागडुजी केली. माथ्यावर देवी तलाव आहे, मच्छली तलाव आहे. वेढा पडला तर दाणागोटा साठवता येतो. पाणी वरच असावं लागतं. डिसेंबर १८०३ मध्ये तसा वेढा पडलाही. नोव्हेंबरच्या अखेरीस अकोल्याकडच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोड करून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली इथवर आला. त्याच्या सोबतच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीने किल्ल्याच्या उत्तर बाजूला जाण्यासाठी डोंगरातून तोफा ओढत नेल्या. वाट नव्हती, ती फौजेनेच जाता जाता तयार केली. ७ ते १२ डिसेंबर एवढ्याच कामात गेले. १५ तारखेला किल्ला पडला, किल्लेदार बेणीसिंग लढताना कामी आला. तलाव भरलेलेच राहिले. दोन दिवसांनी देवगावला तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. या मोहिमेचं वर्णन वाचलं, की आजच्या घाटातल्या वळणांची तक्रार करावीशी वाटत नाही.

भीमकुंड, मोझरी, कॉफीचे मळे, गवळ्यांच्या रबडीचे द्रोण हे सगळं होतं. त्यात दिवस सरतो. उतरताना बरेच जण घटांगची वाट धरतात, सागाच्या जंगलातून. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे; वाघ रस्त्यावर दिसेल या आशेने गाड्या हळू होतात आणि दिसतं ते कोरकू बायांच्या डोक्यावरच्या मोळ्यांचं ओझं. घाटाच्या पलीकडे पडलेला पाऊस सिपनेतून तापीला जातो. अलीकडचा चंद्रभागा, शहानूर, वाण यांच्यातून पूर्णेत उतरतो आणि शेवटी तोही तापीलाच मिळतो.

पूर्णेच्या काठची माती खोल, काळी आणि श्रीमंत. खालचं पाणी मात्र खारट, म्हणून हा खारपाण पट्टा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागातल्या कित्येक गावांच्या विहिरी असून नसल्यासारख्या. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ओलित केलं तर जमीन बिघडते. त्यामुळे शहानूर आणि वाण धरणांतून नळांनी येणाऱ्या डोंगराच्या पाण्याची इथे जी किंमत आहे, ती चिखलदऱ्याच्या धुक्यात फोटो काढणाऱ्यांना कळणं कठीण. अंजनगावच्या पुढे अकोल्याच्या गाडीने चहाला थांबावं, तर टपरीवाला न विचारता सांगून टाकतो, "चहा नळाच्या पाण्याचा आहे भाऊ, बोअरचा नाही." आणि कपात साखर जरा जास्तच टाकतो.