बिली हिगिन्सची घरगुती बैठक

सानगडी, ता. साकोली

ती. मास्तरांस,


तबल्यावरचे झाकीरभाई हुसेन त्या अमेरिकन चार्ल्स लॉइडबरोबर इतकी वर्षं काहून वाजवत राहिले, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. उत्तर सापडलं जी. ते झाकीरभाईंपासून सुरूच होत नाही, बिली हिगिन्स नावाच्या ड्रमरपासून सुरू होतं. पत्र लांबेल. धान अजून निसवायचं आहे, तोवर मी मोकळाच.

हिगिन्स लॉस एंजेलिसचा, १९३६ सालचा. ऑर्नेट कोलमनने १९५९ मध्ये न्यूयॉर्कला जॅझचे सगळे ठोकताळे उधळून लावले, तेव्हा त्याच्या मागे ड्रमवर हाच होता. पुढे ली मॉर्गनच्या गाजलेल्या ‘साइडवाइंडर’वरही हाच. शेकडो ध्वनिमुद्रिकांवर त्याचा हात आहे. वाजवताना सतत हसायचा म्हणून लोक त्याला हसरा बिली म्हणत. मला मात्र त्याचं वेगळंच आवडतं: तो समोरच्यावर कधी चढत नाही. आपल्याकडे तबलजी ऐन पदात तिहाई मारून टाळी घेतो आणि गाणाऱ्याचा श्वास तुटतो. झाडीपट्टीच्या नाटकांत माझ्या पहिल्याच हंगामात ऑर्गनवरून मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी तुम्ही मला त्यावरून दटावलं होतं. हिगिन्सला कुणी दटावावं लागलं नसणार.

लॉइड मेम्फिसचा, सॅक्सोफोनवाला, हिगिन्सपेक्षा दीडेक वर्षाने लहान. १९५६ साली शिकायला लॉस एंजेलिसला आला, त्या काळातली ही दोस्ती. १९६६ च्या माँटेरे महोत्सवातल्या ‘फॉरेस्ट फ्लॉवर’ने त्याचं नाव एवढं झालं की रॉक ऐकणारी पोरंही ती तबकडी घेऊ लागली. आणि पुढे भरात असतानाच तो सगळं सोडून समुद्राकाठी बिग सरला जाऊन राहिला. वेदान्त मानणारा माणूस आहे. तो पुन्हा मंचावर आला आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याने हिगिन्सला सोबत घेतलं. तोवर हिगिन्सचं यकृत बदलून झालं होतं आणि पुढे तेही साथ देईना.

आता मुख्य गोष्ट. जानेवारी २००१ मध्ये हे दोघं लॉइडच्या घरी, कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोला, वाजवायला बसले. दोघंच. बास नाही, तिसरा माणूस नाही. ध्वनिमुद्रण लॉइडच्या बायकोने, डोरोथी डारने केलं. हिगिन्स नुसता ड्रमवर नाही बसला. हाताने वाजवायची चामड्याची वाद्यं घेतली, गिटार घेतली, उत्तर आफ्रिकेतलं गिंब्री घेतलं, गायलासुद्धा. लॉइड कधी सॅक्सोफोन, कधी बासरी, कधी पियानो. एका रचनेचं नाव ‘बनारस’ आहे. हिगिन्स मुसलमान झालेला, लॉइड वेदान्ती, आणि दोघांचीही श्रद्धा तिथे बिनबोभाट मावते.

सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. दोन तबकड्या भरून वाजवलंय, काही तुकडे रेंगाळतात, आणि हिगिन्सच्या गिटारीत कसब असं काही नाही. पण मास्तर, कसब त्याने आयुष्यभर दाखवलं होतं. इथे ऐकू येतो तो कसब बाजूला ठेवल्यावर उरलेला माणूस. स्टुडिओतल्या घड्याळाखाली हे कुणी वाजवलं नसतं, आणि वाजवलं असतं तरी निर्मात्याने कापून टाकलं असतं. ३ मे २००१ ला हिगिन्स गेला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. बैठकीला तेव्हा चारेक महिनेच झाले होते. ‘विच वे इज ईस्ट’ या नावाने हे मुद्रण २००४ साली बाहेर आलं.

त्याच वर्षी मे महिन्यात सांता बार्बराच्या लोबेरो थिएटरात लॉइडने हिगिन्सच्या स्मरणार्थ मैफल केली. भाषणं ठेवण्याऐवजी ड्रमवर एरिक हार्लंड हा तरणा पोरगा बसवला आणि तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन. पुन्हा बास नाही. ती मैफल ‘संगम’ नावाने निघाली. त्यात ‘गुमान’ ही झाकीरभाईंची रचना आहे आणि ते स्वतः गातात. एका तालवादकाच्या रिकाम्या जागेसाठी दोन तालवादक बोलवायचे, आणि दोघांपैकी कुणीही ती जागा बळकावत नाही, हे ऐकण्यासारखं आहे. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: त्या तिघांचं एकत्र वाजवणं एका श्राद्धापासून सुरू झालं, मग ते सोडणार कसे?

पुढचं तुम्हाला अर्धं ठाऊक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनात, प्रेक्षकांशिवाय लॉइड, झाकीरभाई आणि गिटारवाला जूलियन लाज अशा तिघांनी वाजवलं. लॉइड तेव्हा ब्याऐंशीचा. ‘सेक्रेड थ्रेड’ नावाचं ते मुद्रण २०२२ ला आलं. त्यातही ‘गुमान’ आहे. दोन्ही ‘गुमान’ लागोपाठ ऐका. मग १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीरभाई गेले, त्र्याहत्तराव्या वर्षी. तेरा वर्षांनी थोरला लॉइड मागे राहिला. २०२५ च्या त्याच्या ‘फिगर इन ब्लू’मध्ये झाकीरभाईंच्या नावे एक रचना आहे. सत्त्याऐंशीव्या वर्षीही तो मागे राहिलेल्याचं काम करत होता.

आता आपलं. आपण दोघांनी झाडीपट्टीत इतके हंगाम रात्र रात्र काढले, मंचापुढे बसून दहापासून उजाडेपर्यंत वाजवलं, आणि माझ्यापाशी त्यातली एकही फीत नाही. लग्नाच्या एका व्हिडिओत तुमचा खांदा दिसतो, बस्स. नटांचे फोटो भिंतीवर लागतात, वाजवणाऱ्यांचं एवढंच. मला याचा राग येतो.

बोटं वळत नाहीत म्हणता. न वळोत. द्रुत कोण मागतंय? दंडारीतल्या जुन्या चाली तुमच्याइतक्या कुणाला येत नाहीत, त्या हव्यात. नाट्यपदांच्या आधी तुम्ही सूर धरून नुसतं फिरत राहायचे, ते हवं. मधे थांबलात, चुकलात, खोकलात तरी राहू द्या. स्टुडिओ नको. माझ्या ओसरीवर बसू. पायपेटीचा भाता मी बदलून घेतलाय. नातवाच्या मोबाइलला जोडायचा छोटा माइक आलाय.

लेकीला सांगा, चार दिवसांचं काम आहे. भाऊबीजेनंतर मंडया आणि नाटकं सुरू झाली की मला रात्री मोकळ्या मिळणार नाहीत, म्हणून दिवाळीच्या आधी या. नागपूरहून साकोलीची बस धरा आणि निघताना फोन करा, मी स्टँडवर घ्यायला येतो.

आपला,
तबल्यावरचा धाकटा