सगळ्यात हळू गाडी पुढं

२०२५ च्या ऑगस्टमधला एक रविवार. साळवण सोडल्यावर गगनबावड्यापर्यंतचा रस्ता भर पावसात मी डॉक्टरच्या नव्या हिमालयनवर कापला. चहाच्या टपरीसमोर थांबलो, सगळे येईपर्यंत रेनकोट झटकत उभा राहिलो आणि डॉक्टर आल्यावर किल्ली त्याच्या हातात दिली. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी म्हणालो, "ठीक आहे. पण आपल्या जुन्या गाडीची मजा न्हाई हिला."

हे खोटं होतं. दोन वर्षं ग्रुपवर मी जे लिहीत होतो, तेही बरंचसं खोटं होतं. ते कसं, हे सांगायचं तर आधी ग्रुप सांगायला हवा.

आम्ही चौघं. नावं कुणी वापरत नाही. डॉक्टर म्हणजे जनावरांचा डॉक्टर. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, वय चव्वेचाळीस, कमरेचा त्रास. मॅडम बँकेत, उंची पाच फूट एक इंच, हे त्या स्वतःच पहिल्या भेटीत सांगतात. आणि मी, गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला. पाचवा म्हणायचा तर उद्यमनगरातला आमचा मिस्त्री. तो आमच्याबरोबर फिरत नाही, पण प्रत्येक ट्रिपच्या आधी आणि नंतर त्याच्याकडं हजेरी लागतेच.

चौघांकडं एकच गाडी होती, रॉयल एनफील्डची जुनी हिमालयन. २०१६ साली आलेली, ४११ सीसी, साडेचोवीस बीएचपीच्या आसपासची. कागदावर बघितलं तर त्या किमतीत याहून ताकदवान गाड्या ढीगभर मिळत होत्या. पण सीट ८०० मिलिमीटरवर, पुढचं चाक २१ इंची, खालून २२० मिलिमीटर मोकळं. मुरमाचा रस्ता असो, उसाच्या ट्रॅक्टरनं उखडलेला असो, ही निवांत चालायची. नव्वदला खूश. शंभरच्या पुढं नेली की तीच विचारायची, काय घाई आहे.

नाव हिमालयन असलं तरी आमच्यातल्या एकानंही हिमालय बघितलेला नाही. आमचा हिमालय म्हणजे पन्हाळा, दाजीपूर, आंबोली आणि वर्षातून एकदा गोवा.

नवी गाडी आली तीही गोव्यातच. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वागातोरला कंपनीचा मेळावा होता, तिथं किंमत जाहीर झाली, २ लाख ६९ हजारांपासून पुढं. डॉक्टर आणि मी आजरा-आंबोली मार्गे गेलो होतो. गाड्या मांडून ठेवल्या होत्या आणि भोवती ही गर्दी. मी त्या दिवशी गाडीपेक्षा माणसंच जास्त बघितली. गाडीवर बसल्यावर पहिल्यांदा कोण काय करतो, यावरून माणूस कळतो. उंच पोरं फूटपेगवर उभी राहून बघत होती. बुटके दोन्ही पाय जमिनीला लागतात का ते बघत होते. एक काका खाली वाकून रेडिएटरकडं अशा नजरेनं बघत होते, जणू सोयरिकीला आलेत आणि मुलाचं काहीतरी व्यसन दिसलंय. रंगांची नावं काझा, हानले, कामेट. हानले म्हणजे पार लडाखच्या टोकाला. डॉक्टर म्हणाला, "कळे-साळवण रंग काढायला पाहिजे यांनी. लाल मातीचा."

आता थोडं तांत्रिक. कंटाळा येणार असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण खरं भांडण तिथंच आहे.

जुन्या इंजिनाचा बोअर ७८ मिलिमीटर, स्ट्रोक ८६. म्हणजे सिलिंडर रुंदीपेक्षा पिस्टनचा प्रवास लांब. घट्ट बसलेला नट सोडवायला आम्ही पान्याला पाईप लावतो ना, दांडा लांब झाला की जोर कमी लागतो, पण हात लांबून फिरवावा लागतो. साधारण तसंच. पुस्तकी माणूस या तुलनेवर नाक मुरडेल, मुरडू दे. हिचा ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळून जायचा. चौथ्या गिअरमध्ये, तीस-पस्तीसच्या वेगात, म्हशींच्या मागनं ही निमूट ओढत राहते.

नव्या इंजिनाचं उलट. बोअर ८४, स्ट्रोक ८१.५. ४५२ सीसी, पाण्यानं थंड होणारं, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर, ४० न्यूटन मीटर पण साडेपाच हजारांना, आणि चाळीसच्या घरातली ताकद आठ हजारांना. म्हणजे हिला फिरवायला लागतं. म्हशींच्या मागं गिअर खाली टाकावा लागतो. आणि तरी वजन किती? १९६ किलो. जुनीपेक्षा तीन किलोनं कमी. टाकी दोन लिटरनं मोठी असून.

डॉक्टरनं फेब्रुवारीत घेतली. गोठ्यांवर जायचं, रात्री-अपरात्री जायचं, त्याला लाईट आवडला, ब्रेक आवडले, सस्पेन्शन आवडलं. तो म्हणाला, "गाय अडलेली असताना मला पाच मिनिटं आधी पोचता येतं." याच्यावर काय बोलणार? मी ग्रुपवर लिहिलं, जुन्या गाडीत आत्मा होता.

मास्तरांनी वर्षभर विचार केला. त्यांची कंबर हा आमच्या ग्रुपचा हवामान खात्यासारखा विषय आहे. डॉक्टरची गाडी खराब रस्त्यावर चालवून आले आणि उतरताना पहिल्यांदाच त्यांनी "आई गं" म्हटलं नाही. शिवाय २०२४ मध्ये तारांच्या चाकांना ट्यूबलेस टायर मिळायला लागले. सुरुवातीला ते नव्हते, आणि तेव्हा तर सगळीकडचे रायडर त्यावरच बोलत होते. आंबोली घाटात धुक्यात चाक काढून ट्यूब बाहेर ओढलेल्या माणसाला यातलं सुख वेगळं सांगायला नको. मास्तरांनीही घेतली. मी लिहिलं, जी गाडी रस्त्यावरचा मिस्त्री उघडू शकत नाही ती गाडी आपली नसते.

हे मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो एका इंजिनाचं हेड उघडून बसला होता. वर न बघता म्हणाला, "तुझी कुठल्या सालची?"

"अठराची."

"सतराला इंजेक्शन आलं हिला. कार्बोरेटर गेला. तवाबी लोक असंच रडत हुते. मी सोता रडलोय. आता तुझी गाडी साधी झाली व्हय?"

मॅडमचं मात्र मला वाटलं होतं की त्या माझ्या बाजूनं राहतील. नवीची सीट ८२५ वर, वरच्या खाचेत ८४५. पाच फूट एक इंचाच्या माणसाला हा पंचवीस मिलिमीटरचा फरक म्हणजे काय, हे उंच माणसाला कळत नाही. सिग्नलला एक पाय टेकतो की नुसता अंगठा, एवढाच प्रश्न. आणि तो अंगठा उताराच्या बाजूला असेल तर १९६ किलो काय करतात हे आम्ही रंकाळ्याजवळ एकदा बघितलंय. त्या म्हणायच्या, "तुम्ही सगळे पॉवरवर बोलता. मला आधी जमीन लागते, मग पॉवर."

त्यांनी तीन वेळा टेस्ट राइड घेतली. तिसऱ्या वेळी कमी उंचीची सीट बसवून, ती ८०५ पर्यंत येते. जाड तळव्याचे बूट घातले. परत आल्या, गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाल्या, "टेकतंय." विषय संपला. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचीही आली.

उरलो मी.

इथपर्यंत हे सगळं गमतीचं होतं. पुढचं जरा अवघड आहे. जुन्या चार गाड्या होत्या तेव्हा आम्ही एकत्र जायचो ते प्रेमापोटी, असं मी समजत होतो. खरं कारण होतं की चौघांनाही नव्वदच्या पुढं जाता येत नव्हतं. आता हायवेला तिघं सहज एकशेवीसला जायची. मुद्दाम नाही, मागं बघत बघत, पण जायची. मी निपाणीला पोचेपर्यंत त्यांचा चहा अर्धा झालेला असायचा. मी टेकायचो आणि मास्तर म्हणायचे, "निघूया का?" दोन-तीन ट्रिपनंतर मी कामाची कारणं द्यायला लागलो. फाउंड्रीत ऑडिट आहे, हे कारण कुणी तपासत नाही.

ऑगस्टमध्ये डॉक्टर घरीच आला न्यायला. आमचं घर प्रयाग चिखलीत. २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला पुन्हा आलं. दुसऱ्या वेळी गाडी आधीच राजारामपुरीत मामांकडं नेऊन ठेवली होती, घर मात्र नेता येत नाही. त्यानंतर जोतं उचलून घेतलं, भिंती दुरुस्त केल्या, त्याचं कर्ज २०२९ पर्यंत आहे. ग्रुपवर मी आत्मा, साधेपणा, मिस्त्री असं सगळं लिहिलं. हा हप्ता कधी लिहिला नाही.

साळवणला डॉक्टर म्हणाला, "बदल गाडी. मला तुझी चालवू वाटायलीया." आता वाटतं, त्यानं हे ठरवून केलं.

पहिली दोन किलोमीटर मला खोडच काढायची होती. आणि सापडलीही. गिअर वरचा ठेवून वळणातून बाहेर पडलो तर माझी गाडी जशी उचलते तशी ही उचलेना. हं, बघा, म्हटलं. मग एक गिअर खाली टाकला, थ्रॉटल पिळला, सुई सहा हजारांच्या पुढं गेली आणि तो जो आवाज बदलला! पाण्यानं भरलेला खड्डा दिसला तेव्हा ब्रेक मारायला उशीर झाला होता. दात आवळले. पुढचं चाक आत गेलं, बाहेर आलं, आणि हँडल हातात होतं तिथंच. माझ्या गाडीवर असतो तर खांद्यापर्यंत कळलं असतं. त्यानंतर पाऊस, धुकं, कडेची भाताची खाचरं, यातलं मला काही आठवत नाही. हेल्मेटच्या आत मी हसत होतो एवढं आठवतंय. लहान पोरासारखं, आवाज करून.

आणि मग टपरीसमोर उतरून ते वाक्य म्हणालो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटीची बातमी आली. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर येणार. त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. आधी सेस धरून ३१ होता. २२ सप्टेंबरपासून लागू. म्हणजे नवी हिमालयन साधारण वीस हजारांनी महागणार. शोरूमचा पोरगा फोन करायला लागला. मी चोरून गेलो. माझ्या जुन्या गाडीचे त्यानं एक लाख दहा सांगितले, बाकीचं कर्ज, तीन वर्षं, महिना साडेसात हजार. त्यानं ते आकडे एका व्हिजिटिंग कार्डच्या पाठीमागं लिहून दिले. ते कार्ड आठ-दहा दिवस शर्टाच्या खिशात होतं. जेवताना काढायचो, ठेवायचो. आईनं एकदा विचारलं, कुणाचा नंबर आहे? म्हटलं, सप्लायरचा.

२१ तारखेला, रविवारी, शेवटच्या दिवशी, मी गाडी धुतली. चेनला तेल घातलं. बाकी काही केलं नाही.

त्या संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं: "मी नवी घेत नाही. परवडत नाही. घराचा हप्ता आहे. गाडी तुमची भारीच आहे." पाठवून फोन उलटा ठेवला. आत्म्याच्या मेसेजला पन्नास उत्तरं यायची. याला पहिलं उत्तर यायला वीस मिनिटं लागली. मॅडमचं. "पुढच्या रविवारपासून तुम्ही पुढं राहायचं."

सगळ्यात हळू गाडी पुढं ठेवायची, हा ग्रुप रायडिंगचा जुनाच नियम आहे. आम्हाला कधी लागला नव्हता. सुखाचा आहे असं मात्र समजू नका. पुढं असलेल्या माणसाला आरशात तीन गोल दिवे सतत दिसतात आणि आपण लग्नाच्या वरातीपुढची बैलगाडी आहोत असं वाटत राहतं. सरळ रस्ता आला की डॉक्टरच्या हाताला खाज सुटते हे मला मागं न बघता कळतं. कळ्याच्या पुढं तो सुटतोच, दोन किलोमीटर जाऊन, बाजूला लावून, आम्ही येईपर्यंत कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करत उभा असतो. चालतंय.

डिसेंबरात पुन्हा गगनबावड्याला गेलो, त्याच टपरीवर. थंडी चांगली होती. चहा आला तेव्हा मी म्हणालो, "ऑगस्टमध्ये मी खोटं बोललो. मला गाडी लै आवडलेली."

मास्तर बिस्किट बुडवत होते. डॉक्टर म्हणाला, "ते आम्हाला तवाच कळालंय. साळवण सोडल्यावर तू मला दिसलासच न्हाईस की. तुझी गाडी पिळून पिळून माझा हात दुखायला लागला."

मॅडमना हसताना ठसका लागला. मग त्यांनी त्यांची किल्ली टेबलावरून माझ्याकडं सरकवली. "परतीला माझी घ्या. सीट खाली आहे, गुडघे वर येतील. सहन करा."