पाणी कोठे जाते?

अण्णांची मोटार 1997 सालची, तीन सिलिंडरांची. दोन वर्षांपासून अक्कांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी इचलकरंजीहून मिरजेला न्यावे लागे. परतताना अक्का अगदी गळून गेलेल्या असत. मागच्या सीटवर डोळे मिटून पडून राहत. अशा वेळी गाडी तापून वाटेत उभी राहिली तर काय, ही धास्ती अण्णांच्या मनात घर करून होती. आणि गेल्या पावसाळ्यापासून गाडी पाणी खाऊ लागली होती.

नवल असे, की गाडीखाली थेंब दिसत नसे. फरशी कोरडी, आतला गालिचा कोरडा, आणि कूलंटची बाटली मात्र खाली जात चाललेली. गॅरेजमधल्या मुलाने आधी रबरी नळ्या बदलल्या, मग रेडिएटरचे झाकण, मग वॉटर पंप. दर वेळी आठ दिवसांचे समाधान, पुन्हा तेच. अखेर तो म्हणाला, "अण्णा, हेड गॅस्केट गेलं असणार. हेड उघडावं लागंल." खर्चाचा आकडा ऐकून अण्णा गप्प झाले. मुलगा लबाड असावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले.

अण्णांचे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेले. तुटलेला धागा सापडल्याशिवाय माग सुरू करायचा नाही, ही हाताची सवय. त्यांनी ऑइलचे झाकण काढून पाहिले. आत दुधाळ साय नव्हती. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. इंजिन थंड असताना रेडिएटर उघडून गाडी सुरू केली. पाण्यात बुडबुडे नव्हते. हेड गॅस्केट फाटले असते, तर यांतले काहीतरी दिसण्याचा संभव होता.

अक्कांचे डायलिसिसपूर्वीचे आणि नंतरचे वजन अण्णा एका वहीत लिहीत. त्याच वहीत ते आता बाटलीतील पातळीही लिहू लागले. तीन आठवड्यांनी पान उलटताना ध्यानात आले, की बाजारात दोन-तीन फेऱ्या झाल्या तरी पातळी हलत नाही. मिरजेची फेरी झाली की दोन बोटे उतरते. म्हणजे इंजिन पुरते तापून आत दाब भरल्यावरच गळती होत होती.

या दाबाची गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. रेडिएटरचे झाकण दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 0.9 किलोपर्यंत दाब धरून ठेवते. त्यामुळे आतले साधे पाणीसुद्धा 100 ऐवजी सुमारे 118 अंशांवर उकळते. तापलेल्या गाडीचे झाकण घाईने उघडणारे हात भाजून घेतात, ते याच कारणाने.

अण्णांनी वही मुलापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि कोल्हापुरातल्या आपल्या उस्तादाकडून दाब तपासण्याचा हातपंप मागून आणला. सकाळी, इंजिन थंडगार असताना, झाकणाच्या जागी पंप बसवून दाब भरला. दाब तापलेल्या इंजिनाचा, पण उष्णता नाही. गळलेला थेंब वाळून जायला वावच नव्हता. काटा हळूहळू उतरू लागला. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन दोघे वाकले. एक्झॉस्टच्या मागे, ब्लॉकच्या भिंतीत बसवलेल्या पत्र्याच्या गोल बुचाच्या कडेला थेंब धरत होता. रोज तो तिथेच तापून वाफ होत असे. खाली पडतच नसे.

बूच काढले, तेव्हा ते आतून गंजून कागदासारखे झालेले. मुलाने ते अण्णांच्या तळहातावर ठेवले आणि विचारले, "अण्णा, आजपर्यंत पाणी कुठलं घालत होता?"

डिकीत पंधरा वर्षे एक कॅन होता, बोअरच्या पाण्याचा. कूलंट महाग म्हणून अण्णा त्याचीच भर घालत. ते काही बोलले नाहीत. मुलाविषयी मनात आणलेले मात्र त्यांना आठवले.

त्या बाजूची सगळी बुचे बदलली. आतून तांबडे पाणी निघाले, ते स्वच्छ होईपर्यंत धुतले. मुलगा ते गटारात सोडणार, तोच ओट्यावरून अक्कांचा क्षीण आवाज आला, "अरे बाळा, ते कॅनमध्ये भर. गोडसर असतं म्हणे, मांजरं चाटतील." त्यांचे खरेच होते, कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्यामांजरांना प्राणघातक. मुलाने ते कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावले. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मेनिम्मे करून गाडीत भरले.

पुढच्या गुरुवारी मिरजेहून परतल्यावर अण्णांनी बॉनेट उघडले. पातळी खुणेवर होती. वहीत त्यांनी आधी अक्कांचे वजन लिहिले. बोअरच्या पाण्याचा कॅन आता जास्वंदीपाशी असतो.