झिजलेल्या कुंचल्यांची समाधि

सुंदर अक्षर ही जन्मजात देणगी, असें आपण सहज म्हणून जातों. चीनमधील सहाव्या शतकांतील झीयोंग या बौद्ध भिक्षूला ती खरोखरच घरची होती. सुलेखनाचार्य वांग शीझीचा तो सातव्या पिढीचा वंशज. तरीही, परंपरा सांगते, मठाच्या माडीवर ३० वर्षें बसून त्यानें एकाच सहस्राक्षरी काव्याच्या ८०० प्रती लिहिल्या, मठामठांतून वाटल्या, आणि झिजलेले कुंचले पुरून त्यांची समाधि बांधली. मला मात्र शेवटच्या प्रतीपेक्षां चारशेव्या प्रतीचेंच अधिक नवल वाटतें. आरंभींचा उत्साह सरलेला, शेवट दृष्टीपलीकडे. तरी त्याही सकाळीं त्यानें दगडावर शाई चंदनासारखी उगाळली असेल, आणि ‘आकाश’ हें पहिलें अक्षर पहिल्याच आदरानें लिहिलें असेल.