दोन कागद, एक आजार

अम्मीचा हिपॅटायटिस सी बरा झाला, हे आम्हाला कागदावरून समजलं होतं. सोफोसबुविर-वेलपाटास्विरची गोळी 12 आठवडे, मग गोळ्या संपल्यावर आणखी 12 आठवडे थांबून आरएनए तपासणी. 'विषाणू आढळला नाही' असं आलं आणि घरभर अल्हमदुलिल्लाह!

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर 'एचसीव्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह'. अम्मीनं कुणाला न विचारता आपलं ताट वेगळं काढलं. ते पाहवलं नाही. तसेच दोन्ही रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

अँटिबॉडी ही शरीरानं विषाणूशी लढताना केलेली तयारी. विषाणू गेला तरी ती बहुधा जन्मभर रक्तात राहते. ती सांगते, आजार कधीतरी येऊन गेला. आज विषाणू आहे का, हे आरएनएच सांगते. म्हणून आता कुठल्याही दवाखान्यात जाताना आरएनएचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर असतो.

मात्र अँटिबॉडी म्हणजे ढाल नव्हे. लागण पुन्हा होऊ शकते. हिजामा करायचा तर ब्लेड आमच्यासमोर नवं उघडलं पाहिजे, यावर आम्ही अडून बसतो. शिवाय अम्मीला सिरोसिस आहे, त्यामुळे विषाणू गेला तरी दर 6 महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी सुटत नाही. तिची कुरकुर चालूच.

आणि हा आजार रक्तातून पसरतो, सोबत जेवल्यानं नाही. आजारपणातही ताट वेगळं करायची गरज नव्हती. यंदा रमजानात इफ्तारला एकाच ताटातले खजूर अम्मीनंच सगळ्यांच्या हातावर ठेवले.